चौकोनी कंस

"पुढचं वाच," सर म्हणाले.

मी वाचलं नाही. मांडीवर एकशे बाराव्या पानाचं प्रूफ होतं आणि प्रुफाखाली, पदराआड, बाबालाल मुजावरांनी तासाभरापूर्वी माझ्या हातात ठेवलेला कागद. पदराआड लपवायचं खरं तर काही कारण नव्हतं. सरांची नजर काचबिंदूनं जाऊन सात वर्षं झाली होती. तरीही मी तो लपवला होता.

"जुबेदा, घसा बसला का?"

"नाही सर. उजेड जरा कमी आहे."

दुपारचे साडेबारा वाजले होते. सोलापूरचा एप्रिल, खिडकी सताड उघडी, आणि उन्हाचा पट्टा थेट सरांच्या गुडघ्यांवर आलेला. त्यांनी हात पुढे करून त्या पट्ट्यात धरला, बोटं हलवून पाहिली, आणि हात मागे घेतला.

"मग उद्या वाचू," ते म्हणाले.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालची. मी एकोणतीस वर्षांची होते, बिनलग्नाची, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते आणि उरलेला वेळ डॉ. त्र्यंबक गुर्जरांकडे घालवत होते. दख्खनमधल्या इस्लामी राजवटींवर मराठीत काही वाचायचं झालं, तर त्या काळी सरांशिवाय गत्यंतर नव्हतं. फारसी मी त्यांच्याकडेच शिकले. तांबोळ्याची मुलगी अलिफ-बे गिरवायला रोज एका ब्राह्मणाच्या घरी जाते, याचं आमच्या गल्लीत फार हसू झालं होतं. कॉलेजात उलट तऱ्हा. तिथं सगळे धरूनच चालायचे की मुसलमान म्हटल्यावर हिला फारसी जन्मतःच येत असणार. आमच्या घरात फारसीचं अक्षर नव्हतं. अब्बांची पानपट्टी होती आणि ते रोज मराठी पेपर वाचायचे.

सरांची नजर गेली आणि मी त्यांचे डोळे झाले. हे वाक्य सरच सभांतून सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं व्हायचं. मी गावोगावच्या दर्ग्यांतून, इनामदारांच्या घरांतून कागद पाहून यायची, वहीत नक्कल उतरवायची आणि घरी येऊन त्यांना वाचून दाखवायची. वाचून झालं की ते वही मागून घेत आणि चाचपडत खाली लिहीत, "जुबेदाने वाचले, मी ऐकले," आणि तारीख. जुन्या मदरशांमध्ये विद्यार्थी गुरूसमोर ग्रंथ वाचायचा आणि गुरू शेवटी अशी नोंद करून द्यायचा. सरांनी ती रीत उचलली होती. त्या एका ओळीनंतर तो कागद पक्का.

पक्का नव्हता तो एक.

कसबे चिंचणे नावाच्या गावात शाह मुस्तकीम यांचा दर्गा आहे. तिथला एक कागद मी सहा वर्षांपूर्वी पाहिला होता. आदिलशाहीतल्या कुणा ठाणेदाराचं पत्र. दर्ग्याच्या लंगरासाठी, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्यासाठी, सरकारी कोठारातून रोज चार मण ज्वारी द्यावी असा हुकूम. सुलतानाचं नाव नाही, शिक्का पुसट, आणि शेवटी अरबी शब्दांत साल, एक हजार एकतीस. आता त्या काळी दोन सन चालायचे. एक हिजरी आणि दुसरा शुहूर, शेतीच्या हंगामाशी जुळवलेला. आकडा एकच असला तरी १०३१ हिजरी म्हणजे इसवी सन सोळाशे एकवीस-बावीस, आणि १०३१ शुहूर म्हणजे सोळाशे तीस-एकतीस. तीस साली दख्खनमध्ये माणसांनी माणसं सोडून जाण्याइतका भयंकर दुष्काळ पडला होता. एकवीस साली विशेष काहीही झालं नव्हतं.

यातला कोणता सन, ते सांगणारा शब्द कसरीनं खाल्ला होता. तिथं नुसतं भोक होतं.

आमच्या धंद्याचा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. कागदात नसलेला शब्द अंदाजानं घालायचा झाला तर तो चौकोनी कंसात घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे कागद बोलत नाही, नक्कल करणारा बोलतोय. मी वहीत "[शुहूर]" असं लिहिलं. कंस केला होता. त्या वहीत तो आजही आहे.

पण सरांना मी वाचून दाखवत होते, आणि कंस ऐकू येत नाही. अशा ठिकाणी आम्ही "कंसात" असं तोंडानं म्हणायचं ठरवलेलं होतं. मी वाचत आले, "शुहूर सन इहिदे सलासीन व अलफ," आणि पुढे "शुहूर कंसात" म्हणणार, एवढ्यात सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आंधळं माणूस असं एकदम उभं राहत नाही. स्टुलाला लागून तांब्या पडला, पाणी माझ्या पायावर आलं.

"दुष्काळाचं वर्ष!" ते म्हणाले. "अगं पोरी, दुष्काळाच्या वर्षी रोज चार मण! आणि येईल त्याला! केवढा कागद आणलास तू!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तेवीस वर्षांची होते. तोवर माझ्या डोक्यावर असा हात कुणी ठेवला नव्हता. मला वाटलं, सांगू उद्या.

त्या उद्याची सहा वर्षं झाली. त्या कागदावर सरांचं व्याख्यान झालं, मग लेख, मग वर्तमानपत्रात मोठा मजकूर, आणि आता चारशे पानांचं पुस्तक, ज्याचा कणा तो लंगर. माझा प्रबंध त्याच्याच आधारानं उभा राहिला. आणि येत्या शुक्रवारी विद्यापीठात मध्ययुगीन व इस्लामी इतिहासाच्या कायम जागेसाठी माझी मुलाखत होती. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छपाईसाठी जुळवलेली पानं, गुरुवारी छापखान्यात जायचे होते. मंगळवारी सकाळी बाबालालचाचा आले.

सत्तरीचा माणूस, दर्ग्याचे मुजावर, एसटीतून तीन तास उभे राहून आले होते. सरांच्या दारातच त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला कागद काढला.

"आमच्या फुफू, अब्बांच्या भैनी, वारल्या म्हैन्याखाली. त्यांच्या ट्रंकंत घावला. पैल्यासारखाच हाय बघा, पन ह्येला कसर न्हाई लागली. सरांस्नी म्हनावं, पुस्तकात फोटू ह्येचाच घाला."

मी उंबऱ्यातच उभ्या उभ्या वाचला. त्याच पत्राची दुसरी प्रत. तोच मजकूर, तीच ज्वारी, आणि जिथं पहिल्या प्रतीत भोक होतं तिथं स्वच्छ, ठसठशीत, हिजरी.

"त्योच हाय न्हवं?"

"तोच आहे चाचा."

"औंदा उरसाला पाटलांनी सोता कढईपाशी हुबं ऱ्हाऊन कण्या हाटल्या. दोन सालामागं जुलूस कुटनं न्यायचा म्हून डोकी फुटायची पाळी आलती. आता समदं गाव एका पंगतीला. तुमच्या कागदानं झालं बाई ह्ये. पेपरात आलं न्हवं का, दुष्काळात आमच्या बाबांनी समद्यांस्नी जगवलं म्हून."

ते पाणी पिऊन, सरांना भेटायलाही नको म्हणत, बाहेरच्या बाहेर निघूनही गेले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. मी कागद पदराआड घेतला आणि प्रूफ वाचायला आत जाऊन बसले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. अम्मीला वाटलं, मुलाखतीची धास्ती. धास्ती होतीच. सांगावं तर सरांचं पुस्तक जातं. चौऱ्याहत्तर वर्षांचा आंधळा माणूस नवं पुस्तक कधी लिहिणार? सांगावं तर माझा प्रबंध जातो, शुक्रवार जातो, पुन्हा दोन कॉलेजांत तासावर शिकवणं. गावाची पंगत जाते. न सांगावं तर हा कागद आज ना उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार, आणि मग सरांचं नाव मातीत जाणार ते माझ्यामुळे. कुठूनही निघा, पुन्हा त्याच भिंतीशी. आणि या सगळ्या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम शिताफीनं टाळत होते. भोक कसरीनं पाडलं होतं. शब्द मी घातला होता.

बुधवारी दुपारी मी सांगितलं. धाडसानं नव्हे. प्रूफ वाचता वाचता ते पान पुन्हा आलं आणि माझ्या तोंडून पुढचं वाक्य बाहेरच पडेना. सर वाट पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "काल मुजावर आले होते. चपलांचा आवाज ओळखला मी. आत का आले नाहीत?"

मग मी सगळं बोलले. दुसरी प्रत, हिजरी, सगळं.

सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "वाच."

मी नवी प्रत सुरुवातीपासून वाचली.

"साल पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"तुझ्या वहीत कंस आहे?"

"आहे सर."

"मला वाचताना म्हणाली नाहीस."

"म्हणणार होते. तुम्ही उठून उभे राहिलात."

"मी उभा राहिलो," सर म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असल्यासारखं. "आणि मग सहा वर्षं मी उभाच होतो का गं?"

मला रडू आलं. सरांनी ते ऐकलं, पण हात पुढे केला नाही. पंखा गरगरत होता आणि टेबलावरच्या फर्म्यांची टोकं फडफडत होती. त्यांनी अंदाजानं हात नेऊन तो गठ्ठा शोधला आणि त्यावर तळहात दाबून ठेवला.

"नवं प्रकरण लिहायला मला दोन वर्षं लागतील," ते म्हणाले. "दोन वर्षं आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. शुक्रवारी तुझी मुलाखत."

"हो सर."

"असं कर. हा कागद नीट बांधून तुझ्याकडे ठेव. मी गेल्यावर छाप. माझं नाव घेऊन सांग की म्हातारा चुकला."

"चालेल सर," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. न दिसणारी माणसं तुमच्याकडे वळतात तेव्हा चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहतात. सर नेमके माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"लवकर म्हणालीस," ते म्हणाले.

आज इतक्या वर्षांनी लपवण्यात काय अर्थ आहे? त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा मोठा, मोकळा श्वास माझ्या नाकातून बाहेर पडला होता आणि तो त्यांनी ऐकला होता. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की सरांनी मला शब्दात बांधून घातलं. त्यांनी नुसतं दार दाखवलं होतं. धावत आत शिरले ती मी.

गुरुवारी छापखान्याचा माणूस येऊन फर्मे घेऊन गेला.

शुक्रवारी मुलाखतीला पाच जण बसले होते. चौघांनी हसतखेळत विचारलं. पाचव्या, कोपऱ्यातल्या बाई होत्या, हैदराबादहून आलेल्या, अरबीच्या जाणकार. त्यांनी माझा प्रबंध खरोखरच वाचला होता. असं माणूस दर समितीत एखादंच असतं आणि ते नेमकं आपल्या वाट्याला येतं.

"त्या लंगराच्या पत्रातलं साल," त्या म्हणाल्या. "शुहूर आहे याबद्दल तुमची खात्री आहे?"

"मूळ कागद मी स्वतः पाहिला आहे," मी म्हणाले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी मान डोलावली, काहीतरी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. जागा मला मिळाली.

संध्याकाळी सरांकडे गेले. त्यांची पुतणी वसुधा चहा ठेवत होती. सरांनी विचारलं, "सालाबद्दल विचारलं कुणी?"

"विचारलं."

"मग?"

मी जे बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "हं." चहा आला. आम्ही चहा प्यालो. मी निघताना त्यांनी वसुधाला हाक मारून उद्या सकाळी लवकर ये, पत्र सांगायचं आहे, असं सांगितलं. मला वाटलं, प्रकाशकाला असेल.

सरांना वाटलं होतं दोन वर्षं असतील की नाही. ते पुढे सतरा वर्षं जगले. पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. मी विभागात रुजू झाले, प्रपाठक झाले, प्राध्यापक झाले, शेवटी विभागप्रमुख. दर वर्षी जुलैत नव्या मुलांपुढे उभी राहून मी चिंचण्याच्या दुष्काळी लंगराचं व्याख्यान द्यायची आणि ते माझं सर्वांत चांगलं व्याख्यान होतं. मुलं डोळे पुसायची. दर गुरुवारी सरांकडे जाऊन वाचायची. आता कंस आला की मी न चुकता मोठ्यानं म्हणायची. तेवढ्यापुरते सर जरासे ताठ व्हायचे. बाकी त्या कागदाविषयी आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही. एखाद्या नवरा-बायकोनं मेलेल्या पोराविषयी बोलू नये तसं.

सर कधी जातील याची मी वाट पाहत होते का? पाहत होते. त्यांना न्यूमोनिया झाला त्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी खुलाशाच्या लेखाची सुरुवात मनात जुळवली होती. ते बरे होऊन घरी आले आणि मी पेढे वाटले. दोन्ही खरं आहे.

दोन हजार तीन साली, एक्याण्णवाव्या वर्षी, सर झोपेतच गेले. दिवस झाल्यावर वसुधानं मला बोलावलं आणि एक बंद पाकीट दिलं. "काकांनी सांगून ठेवलं होतं, हे तुम्हालाच द्यायचं, आणि तुम्ही छापायचं," ती म्हणाली. वरचं अक्षर तिचंच होतं. आत एकच पान. तारीख माझ्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसाची.

त्यात लिहिलं होतं की कसबे चिंचणे येथील पत्राचं साल हिजरी आहे, शुहूर नाही. कुमारी जुबेदा तांबोळी यांनी दुसरी प्रत वाचून ही चूक निदर्शनास आणली. पहिल्या प्रतीत त्या जागी शब्द नव्हता. "शुहूर" हा शब्द मी सुचवला आणि कंस न करता घालण्यास त्यांना भाग पाडलं. चूक उघड करावी असा त्यांचा आग्रह होता. माझ्या हट्टापुढे त्यांचा नाइलाज झाला. खाली सरांची सही, ओळ सोडून वर गेलेली.

मी ते तिथंच, वसुधासमोर, तीनदा वाचलं. ती म्हणाली, "काकांचा स्वभाव हट्टी होताच. तुम्ही किती सोसलंत."

मी माझ्या आयुष्यात हजारेक जुने कागद वाचले असतील. बनावट सनदा पाहिल्या, चोरीचे शिक्के पाहिले. एवढा खोटा कागद मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यावरची सही अस्सल होती. कागदात नसलेला शब्द घालू नये, असं मला शिकवणाऱ्या माणसानं स्वतःमागे ठेवलेल्या कागदात, माझ्यासाठी, एकामागून एक तीन वाक्यं घातली होती. आणि ती खोडून काढायची तर मला छापावं लागणार होतं की गुर्जरसरांनी स्वतःमागे खोटं लिहून ठेवलं.

मी दोन्ही छापलं, पत्राची दुसरी प्रत आणि सरांचं निवेदन. नियतकालिकाच्या संपादकांनी विचारलं, "तुम्हाला काही जोडायचं आहे?" मी नाही म्हणाले.

ज्याची मी सतरा वर्षं धास्ती घेतली होती त्यातलं काहीच घडलं नाही. सरांची अब्रू गेली नाही, उलट वाढली. एवढा मोठा माणूस आणि चूक कशी मोकळेपणानं कबूल केली, म्हणून अग्रलेख आले. माझा सत्कार झाला. चिंचण्याला मी स्वतः सांगायला गेले, तर बाबालालचाचांचा मुलगा कढईत उलथनं फिरवत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, की तो दुष्काळ नव्हताच, साधं वर्ष होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साल कुटलं का असंना मॅडम, भूक तर रोज लागती की. बसा, पान वाढतो." गावाच्या पंगतीची काळजी मी सतरा वर्षं स्वतःच्या सोयीसाठी वाहिली होती, हे मला पत्रावळीपुढे बसून कळलं.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. हुशार आहे, सरांवर प्रबंध लिहितेय. माझ्या जुन्या वह्या तिनं मागून घेतल्या. त्या पानावर ती थांबली. तो कंस तिथं होता. सरांनी घालू दिला नाही असं सांगितलेला कंस, तेवीस वर्षांच्या माझ्या अक्षरात.

तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे सरांनी नाही म्हटलं तरी तुम्ही वहीत गुपचूप कंस करून ठेवला होता," ती म्हणाली. "केवढा दबाव असेल तेव्हा तुमच्यावर, मॅडम."

सांगायची याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती वाट पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "होता."

तिनं ते लिहून घेतलं.